अलास्का, वॉशिंग्टन आणि नव्वद टक्क्यांचा करार

ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकेचे अंतर्गत मंत्री, म्हणजे केंद्राच्या जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचे प्रमुख, डग बर्गम यांनी अलास्कातल्या आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यातले किनाऱ्यालगतचे संपूर्ण मैदान, सुमारे १५ लाख ६० हजार एकर, तेलासाठी भाडेपट्ट्याने देण्यास खुले केले. अशी बातमी वाचली की आपल्या मनात एक ठरलेले चित्र उभे राहते: केंद्राला खनिज हवे, राज्याला आणि तिथल्या लोकांना जंगल वाचवायचे. इथे सगळे उलटे आहे. विहिरी खोदू द्या, असा धोशा अलास्का राज्याने गेली ४५ वर्षे लावला आहे. गव्हर्नर कोणत्या पक्षाचा आहे याने त्यात फारसा फरक पडलेला नाही. बराच काळ अडवून धरले ते वॉशिंग्टनने.

हे समजायचे तर आधी जमीन कोणाच्या नावावर आहे ते पाहावे लागते. आपल्याकडे सरकारी जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ असे नाव असते. जमीन सरकारी म्हणजे बहुधा राज्याची. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत तसे नाही. तिथे सरकारी जमिनीचा सर्वांत मोठा मालक केंद्र सरकार आहे, आणि अलास्कात तर सुमारे ६० टक्के भूमी त्याच्याकडे आहे. अमेरिकी संविधानाच्या चौथ्या कलमाने या जमिनींबाबत नियम करण्याची सत्ता काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिली आहे. १९७६मध्ये न्यू मेक्सिकोच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या सत्तेला मर्यादा नाहीत, असे स्पष्ट म्हटले. तो खटला तेलाचा नव्हता, केंद्राच्या जमिनीवर फिरणाऱ्या रानगाढवांचा होता. राज्याच्या पशुधन मंडळाने ती पकडून लिलावात विकली होती. गाढवांच्या निमित्ताने ठरलेला तो नियम आजही तेलाच्या वादात वकिलांच्या तोंडी असतो.

तेव्हा ‘राज्य विरुद्ध केंद्र’ असे या वादाचे नाव असले, तरी अधिकाराच्या प्रश्नावर अलास्काला फारसे बोलायला जागाच नाही. मालक आपल्या जमिनीचे काय करायचे ते ठरवतो. त्यामुळे राज्याचा सगळा भर वचनावर राहिला: तुम्ही आम्हाला राज्य केले तेव्हा शब्द दिला होता, तो पाळा.

तो शब्द १९५८चा. त्याआधी अलास्का हा केंद्रशासित मुलूख होता, आणि त्याला राज्य करावे की नाही यावर वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे खल चालला होता. मुख्य शंका एकच होती: जेमतेम सव्वादोन लाख वस्तीचा हा बर्फाळ प्रदेश खाणार काय? १९५७च्या जुलैमध्ये रिचफिल्ड कंपनीला केनाई द्वीपकल्पावर स्वॉन्सन नदीजवळ तेल लागले आणि या शंकेची धार गेली. ही विहीर होती केनाई राष्ट्रीय मूस क्षेत्रात, म्हणजे १९४१ साली मूस या मोठ्या हरणांसाठी राखलेल्या केंद्राच्या भूमीत. संरक्षित जमिनीत तेल काढणे अलास्कात अभूतपूर्व आहे, असे आज कोणी म्हटले की हे विसरलेले असते. राज्य होण्याची वाटच अशा एका राखीव क्षेत्रातून गेली आहे.

राज्यत्वाच्या कायद्यावर आयझेनहॉवर यांनी ७ जुलै १९५८ रोजी सही केली. ३ जानेवारी १९५९ला अलास्का ४९वे राज्य झाले. कायद्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, राज्याला केंद्राच्या पडीक भूमीतून १० कोटी २५ लाख एकर जमीन स्वतः निवडून घेता येणार होती. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ साधारण साडेसात कोटी एकर आहे, यावरून अंदाज यावा. दोन, केंद्राकडे उरलेल्या जमिनीवरच्या खनिज भाडेपट्ट्यांतून जे उत्पन्न येईल त्यातला ९० टक्के वाटा राज्याला. पण त्याच कायद्यात आणखी एक वाक्य होते: वन्यजीव संरक्षणासाठी वेगळ्या काढलेल्या जमिनी केंद्राकडेच राहतील. पुढची सगळी कोर्टबाजी या तीन गोष्टींच्या सांध्यांतून निघाली.

उत्तरेकडचा आर्क्टिक उतार युद्धकाळात, १९४३ साली, लष्करी गरजांसाठी सरसकट बंद करून ठेवला होता. १९५७च्या नोव्हेंबरात अंतर्गत मंत्री फ्रेड सीटन यांनी तो उघडण्याची योजना मांडली. सुमारे दोन कोटी एकर तेल आणि खनिजांसाठी मोकळे करायचे आणि पूर्वेकडचे सुमारे ९० लाख एकर वन्यजीवांसाठी राखायचे. एका हाताने द्यायचे, दुसऱ्याने राखायचे. निसर्गतज्ज्ञ ओलॉस आणि मार्गारेट म्यूरी यांनी १९५६चा उन्हाळा तिथल्या शीनजेक नदीकाठी काढला होता आणि ते या राखणीसाठी झटत होते. काँग्रेसमध्ये मात्र विधेयक अडकले. अलास्काच्या नव्या सिनेटरांनीच विरोध केला. अखेर सत्ता सोडायला सहा आठवडे उरले असताना, ६ डिसेंबर १९६० रोजी, सीटन यांनी आपल्या आदेशाने ८९ लाख एकरांचे राखीव क्षेत्र, म्हणजे आजच्या अभयारण्याचा मूळ भाग, जाहीर केले आणि त्याच दिवशी युद्धकाळातली बंदी उठवून पश्चिमेकडची जमीन मोकळी केली. त्या वेळी खात्याचे मुख्य कायदेशीर अधिकारी होते टेड स्टीव्हन्स. पुढे हेच गृहस्थ अलास्काचे सिनेटर म्हणून चार दशके त्याच क्षेत्रात तेल काढू द्या म्हणून भांडत राहिले.

मोकळ्या झालेल्या जमिनीतून राज्याने प्रुडो बेची किनारपट्टी निवडली. वरवर पाहता दलदल आणि गोठलेली माती. हे काय निवडले, असे विचारणारेही होते. तिथे १९६८ साली उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा तेलसाठा सापडला. सप्टेंबर १९६९मध्ये अँकरेजला झालेल्या एका दिवसाच्या लिलावात राज्याच्या तिजोरीत ९० कोटी डॉलर पडले. प्रुडो बे ही राज्याच्या मालकीची जमीन, म्हणून तिथे वॉशिंग्टनला विचारायचे कारण नव्हते. अभयारण्याची हद्द तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर. दोन जमिनींचे नशीब वेगळे झाले ते १९६०च्या एका रेघेने.

तेल बाहेर काढायला मात्र केंद्राची जमीन ओलांडावीच लागणार होती, आणि तिथे आणखी एक हक्कदार उभा होता: मूळ रहिवासी. त्यांचे दावे मिटेपर्यंत जमिनीचे हस्तांतर केंद्राने गोठवले होते. १९७१च्या कायद्याने त्यांना ४ कोटी ४० लाख एकर आणि ९६ कोटी २५ लाख डॉलर मिळाले. १९७३मध्ये नळवाहिनीवरची पर्यावरण खटल्यांची वाट बंद करणारी दुरुस्ती सिनेटमध्ये बरोबरीत अडकली, तेव्हा उपाध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांच्या निर्णायक मताने ती तरली. १९७७पासून ८०० मैलांच्या नळातून तेल वाहू लागले. राज्याने १९८०मध्ये आयकर रद्द केला आणि १९८२मध्ये प्रत्येक रहिवाशाला एक हजार डॉलरचा पहिला लाभांश वाटला. तेलावर एवढे अवलंबून असलेले राज्य शेजारच्या राखीव मैदानाकडे कोणत्या नजरेने बघणार, हे निराळे सांगायला नको.

१९७१च्या कायद्यानेच आणखी एक काम लावून दिले होते. केंद्राच्या कोणत्या जमिनी कायमच्या जपायच्या ते डिसेंबर १९७८पर्यंत ठरवा. काँग्रेसचे जमेना, मुदत संपत आली, तेव्हा जिमी कार्टर यांनी १९०६चा पुरावास्तू कायदा वापरून १ डिसेंबरला साडेपाच कोटींहून अधिक एकरांवर १७ राष्ट्रीय स्मारके, म्हणजे संरक्षित क्षेत्रे, जाहीर केली. फेअरबँक्समध्ये त्यांचा पुतळा जाळला गेला. अलास्काच्या बाजूने पाहिले तर राग कळतो. दहा कोटी एकरांची निवड अजून पुरी व्हायची होती आणि ताटातले वाढण उचलले जात होते.

तडजोड झाली ती कार्टर हरल्यावर. नोव्हेंबर १९८०मध्ये रेगन निवडून आले. जानेवारीत सगळेच हातचे जाईल हे ओळखून संरक्षणवादी खासदारांनी सिनेटचा सौम्य मसुदा गिळला. २ डिसेंबरला झालेल्या या कायद्याने अभयारण्य दुपटीहून मोठे, सुमारे १ कोटी ९० लाख एकरांचे केले. पण किनाऱ्यावरच्या १५ लाख एकरांचा निर्णय टाळला. कलम १००२ म्हणते, तिथल्या तेलाचा आणि प्राण्यांचा अभ्यास करा. कलम १००३ म्हणते, काँग्रेसने परवानगी देईपर्यंत थेंबही काढू नका. या तुकड्याला लोक आजही ‘दहा-शून्य-दोन’ म्हणतात. माझ्या मते गेल्या ४५ वर्षांच्या भांडणाचा खरा जनक कार्टरही नाही आणि तेल कंपन्याही नाहीत. प्रश्न पुढच्या काँग्रेसवर ढकलणारी ही दोन कलमे आहेत.

त्या काँग्रेसला मग दर काही वर्षांनी हा प्रश्न पुरून उरला. १९८७मध्ये अंतर्गत खात्याने तेल काढण्याची शिफारस केली. १९८९च्या मार्चमध्ये सिनेटच्या समितीने विधेयक मंजूर केले आणि आठवडाभरात एक्सॉन व्हॅल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढून तेल समुद्रात सांडले. विधेयक त्या तेलातच बुडाले. १९९५मध्ये दोन्ही सभागृहांनी तरतूद केली, क्लिंटन यांनी नकाराधिकार वापरला. २००५मध्ये स्टीव्हन्स यांनी ती संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडून पाहिली, तीही अडली.

दरम्यान राज्याने वचनभंगाचा दावा थेट न्यायालयात नेला. १९९३मध्ये गव्हर्नर वॉल्टर हिकल यांच्या कारकिर्दीत अलास्काने केंद्राकडे २९ अब्ज डॉलरची भरपाई मागितली. हिकल हे निक्सन यांच्या मंत्रिमंडळात स्वतःच अंतर्गत मंत्री होते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस. म्हणणे असे की, ९० टक्के देतो म्हणालात आणि मग जमिनीच कुलूपबंद केल्यात. न्यायालयांनी ते मानले नाही. भाडे आले तर त्यातले ९० टक्के द्यायचे असा करार होता. जमीन भाड्याने द्यायलाच हवी, असे त्यात कुठेही नव्हते.

१९९७चा निकाल अधिक बारकाईचा आणि, मला विचाराल तर, अधिक कडू. किनाऱ्यालगतची पाण्याखालची जमीन एरवी राज्याची असते. अभयारण्यासमोरच्या खाजणांखालची जमीनही आपली, असे अलास्का म्हणत होते, आणि कारण साधे होते: राज्य झाले १९५९च्या जानेवारीत, राखीव क्षेत्र झाले १९६०च्या डिसेंबरात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या विशेष अधिकाऱ्याला हे पटलेही होते. पण न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांच्या निकालाने राखीव क्षेत्रासाठी १९५७मध्ये केलेल्या अर्जावर बोट ठेवले. राज्य झाले त्या दिवशी हा अर्ज प्रलंबित होता, आणि जमीन ‘वेगळी काढलेली’ ठरायला तेवढे पुरेसे होते. मंजूर न झालेल्या अर्जाने राज्याचा हक्क गेला.

या सगळ्यात स्थानिक लोक एका बाजूचे नाहीत. मैदानावरचे एकमेव गाव काक्टोविक इनुपियाट लोकांचे. त्यांच्या महामंडळांची तिथे जमीन आणि खनिजहक्क आहेत, आणि त्यांचे बरेच नेते तेलाच्या बाजूचे आहेत. शेव्हरॉन आणि बीपीने १९८०च्या दशकात त्या खासगी जमिनीत एक विहीर खोदली. तिचा निकाल आजतागायत अधिकृतपणे गुपित आहे. डोंगरांच्या दक्षिणेकडचे ग्विचिन लोक कॅरिबू या रानटी हरणांवर जगतात. त्यांचा पॉर्क्युपाइन नावाचा मोठा कळप याच मैदानावर विण्यासाठी येतो. ग्विचिनांनी १९८८मध्ये एकत्र बसून विरोधाचा ठराव केला आणि तो आजवर मागे घेतलेला नाही.

अखेर २०१७मध्ये करकपातीच्या कायद्यात दार उघडले. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की यांनी त्यात कलम घालून सात वर्षांत किमान दोन लिलाव सक्तीचे केले. पण केंद्राची तूट भरून काढण्याचा हिशेब जुळवायचा होता, म्हणून राज्याचा वाटा ९० टक्क्यांवरून ५० वर आणला गेला. ज्या आकड्यासाठी २९ अब्जांचा दावा लावला होता, तो राज्याच्याच प्रतिनिधींनी दार उघडण्याच्या बदल्यात सोडून दिला.

पहिला लिलाव झाला ६ जानेवारी २०२१ रोजी, ज्या दिवशी जगाचे लक्ष कॅपिटॉल या संसद भवनावरच्या हल्ल्याकडे होते. एकही मोठी तेल कंपनी फिरकली नाही. सर्वांत मोठा बोलीदार निघाला अलास्काचेच सरकारी औद्योगिक विकास प्राधिकरण, आणि एकूण जमा झाले एक कोटी ४४ लाख डॉलर. केंद्राच्या वाट्याला दहा वर्षांत एक अब्जाहून अधिक येतील, असा काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. राज्याने केंद्राकडून भाडेपट्टा घ्यायचा आणि भरलेल्या पैशातला अर्धा पुन्हा स्वतःच मिळवायचा, असा तो उफराटा व्यवहार. बायडन यांनी काम थांबवले आणि सप्टेंबर २०२३मध्ये प्राधिकरणाचे सातही पट्टे रद्द केले. जानेवारी २०२५च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही; अटी इतक्या जाचक ठेवल्या की कोणी येऊच नये, असा राज्याचा आरोप होता.

मार्च २०२५मध्ये अँकरेजच्या न्यायाधीश शॅरन ग्लीसन यांनी न्यायालयाच्या आदेशाशिवाय पट्टे रद्द करणे बेकायदा ठरवले. याच ग्लीसन यांनी २०१५मध्ये राज्याची भूकंपलहरी सर्वेक्षणाची मागणी फेटाळणाऱ्या केंद्राची बाजू उचलून धरली होती. जुलै २०२५च्या कायद्याने पुढच्या दहा वर्षांत आणखी किमान चार लिलाव बंधनकारक केले आहेत. बँकांचा हात आखडलेला आहे, आणि १९८८मध्ये रोज २० लाख पिंपे वाहून नेणाऱ्या नळातून आता जेमतेम चौथा हिस्सा तेल जाते. वाटणीचा प्रश्न त्या कायद्यातही आला: २०३४पासून राज्याला ७० टक्के मिळतील, तोवर ५०च.