अमायलेज-बंधन

लाळेतील अमायलेज हे विकर (एन्झाइम) आपल्या पृष्ठभागावर पकडून ठेवण्याची तोंडातील काही जीवाणूंची क्षमता. ती मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस प्रजातीतील जीवाणूंत आढळते. स्ट्रेप्टोकोकस गॉर्डोनाय या जातीचा अभ्यास त्यांत सर्वाधिक झाला असून, न्यूयॉर्क राज्यातील बफलो विद्यापीठाच्या फ्रँक स्कॅनापिएको आणि सहकाऱ्यांचे काम या विषयाचा पाया मानले जाते.

भाकरीचा घास न गिळता बराच वेळ चघळला की गोडसर लागू लागतो. ही करामत अमायलेजची. ते पिष्टाच्या (स्टार्चच्या) लांबलचक साखळ्या तोडून माल्टोजसारख्या छोट्या शर्करा मोकळ्या करते. लाळेत विपुल असलेल्या प्रथिनांत त्याचा क्रमांक फार वरचा आहे, म्हणजे जीवाणूच्या दृष्टीने ते सतत हाताशी असते.

गॉर्डोनायच्या पेशीवर अमायलेजला धरणारी दोन प्रथिने सापडली आहेत: सुमारे २० किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूचे वस्तुमान मोजण्याचे एकक) एबीपीए, म्हणजे अमायलेज-बंधक प्रथिन ए, आणि सुमारे ८२ किलोडाल्टनचे एबीपीबी. पेशीला चिकटलेले अमायलेज निकामी होत नाही. त्याची जवळपास निम्मी क्रियाशीलता टिकते. या जीवाणूंना अमायलेज स्वतः बनवावे लागत नाही. आपल्याच ग्रंथींनी तयार केलेले विकर ते अंगावर वागवतात, पिष्ट दाराशीच फोडून घेतात आणि निघालेली शर्करा आत ओढतात. ग्लुकोज भरपूर मिळत असेल तर एबीपीएच्या जनुकाला लगाम बसतो. आयते अन्न असताना ही खटपट जीवाणू करत नाही, हे त्यातले फार बोलके तथ्य आहे.

शर्करा पचवताना आम्ल तयार होते आणि सामू (आम्लता दाखवणारा पीएच अंक) ५.५ च्या आसपास किंवा त्याखाली घसरला की दातावरचे कवच विरघळू लागते. तरीही अमायलेज-बंधन म्हणजे दातांची कीड, असे सरळ समीकरण मांडणे चूक ठरेल. किडीशी ज्याचे नाव हमखास जोडले जाते तो स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स अमायलेजला बांधत नाही.

बंधनाचा परिणाम ते कुठे घडते यावरही अवलंबून असतो. घासलेल्या दातावर काही मिनिटांत लाळेतील प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्या थरातले अमायलेज जीवाणूला दातावर पाय रोवायला जागा देऊ शकते. लाळेत मोकळे तरंगणारे अमायलेज मात्र जीवाणूची पकड आधीच व्यापते, आणि तो दातावर बसण्याऐवजी घोटाबरोबर पोटात जाऊ शकतो. उंदरांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात एबीपीए नसलेला गॉर्डोनाय मूळ प्रकारापेक्षा दातांवर अधिक चांगला वाढला. प्रयोगनळीत दिसलेल्या वागणुकीवरून तोंडातले वागणे ठरवू नये, हे या निकालाने दाखवले.

असे जीवाणू ज्यांच्या लाळेत अमायलेज असते अशाच सस्तन प्राण्यांच्या तोंडात आढळतात. माणसात लाळेच्या अमायलेजचे जनुक अनेक प्रतींत असते. पिष्टमय आहार परंपरेने अधिक घेणाऱ्या समाजांत या प्रती सरासरीने जास्त असल्याचे २००७ साली दाखवले गेले. दातांवर साचून दगडासारख्या झालेल्या जुन्या कीटणातील डीएनएचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात आधुनिक माणसाप्रमाणेच निअँडरथल या नामशेष मानवाच्या तोंडातील स्ट्रेप्टोकोकसमध्येही अमायलेज बांधणारी जनुके आढळली. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हे जीवाणू आपल्या पिष्टाच्या घासावर जगत आले आहेत.