रिपोर्ट नॉर्मल, पेशी हजार कोटी

"सर, रिपोर्ट नॉर्मल आलाय. पोराचे केस गेले, तोंड आलंय, जेवत नाही. आता अजून दोन वर्षं कशाला ते विष टोचायचं?"

खारघरला आमच्या खालच्या मजल्यावर उपचारापुरतं भाड्याने राहायला आलेले हे गृहस्थ. मुलगा सहा वर्षांचा, एएलएल, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. 'नॉर्मल' या शब्दानेच घात केलाय.

निदान होतं तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी कॅन्सरपेशी असतात. समजा, पहिल्या महिन्याच्या औषधांनी 99 टक्के मेल्या. उरल्या हजार कोटी! पण अस्थिमज्जेत अशा पेशी 5 टक्क्यांच्या खाली गेल्या की सूक्ष्मदर्शकाखाली सगळं आलबेल, आणि डॉक्टर म्हणतात 'रिमिशन', म्हणजे आजार तपासणीत दिसेनासा झाला. आता थांबलात, तर त्या हजार कोटी फक्त सात वेळा दुप्पट झाल्या की पुन्हा लाख कोटींच्या वर.

यातली खोच 1960 च्या दशकात अमेरिकी संशोधक हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवर दाखवली. औषध दर वेळी ठरावीक संख्येने नाही, ठरावीक टक्क्याने पेशी मारतं. हजार कोटींच्या दहा कोटी, मग दहा लाख, मग दहा हजार... आणि उंदीर मरायला एक पेशीही पुरते. हे गणित थोडं बाळबोध आहे, कबूल. काही पेशी झोपलेल्या असतात, आणि यातली बरीच औषधं विभागणाऱ्या पेशींनाच गाठतात. काही मेंदूभोवती दडतात, म्हणून मणक्यात इंजेक्शन. झोपलेल्या जाग्या होईपर्यंत दारात पहारा ठेवायचा, त्यालाच दोन वर्षं लागतात.

1948 मध्ये बॉस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरवर अमिनोप्टेरिन हे औषध दिलेल्या 16 मुलांपैकी 10 सुधारली. सुधारणा टिकली नाही. आज पूर्ण उपचार घेणारी बहुतेक मुलं बरी होतात.

"त्यापेक्षा झाडपाल्याचं देऊ" म्हणणारे नातेवाईक असतातच. अहो, याच उपचारातलं व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन सदाफुलीतूनच काढतात, ठाण्यात गॅलरीगॅलरीत फुलते तीच! पण एका वेळची मात्रा सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाही. काढ्यात किती उतरलं, हे कोण मोजणार?

"मग शेवटची पेशी मेली हे कळतं कसं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

कळत नाही. नेहमीच्या नव्या तपासणीत साधारण दहा हजारांत एक पेशी सापडते, त्याखाली तिला अंधारच. म्हणून रोज मर्कॅप्टोप्युरिन, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, त्या अमिनोप्टेरिनचंच धाकटं भावंड.