लोनवाल्याचा फोन नेटवर्कला कसा कळतो?

डीएनडी (जाहिरातींचे फोन नकोत म्हणणाऱ्यांची यादी) लावूनही ‘सर, प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे’ म्हणणारा फोन येतोच, आणि मग डीएनडी ही नुसती धूळफेक आहे असं म्हणून लोक मोकळे होतात. धूळफेक नाही ती. पण ती यादी लागू पडते नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरला, म्हणजे फोनवरून जाहिरात करणाऱ्याला, ज्याचा नंबर 140 ने सुरू होतो. लोनवाला साध्या दहा आकडी मोबाइलवरून फोन लावतो. त्या वाटेवर यादी घेऊन कुणी बसलेलंच नसतं.

एसएमएसचा बंदोबस्त त्या मानाने आधी झाला. सुरुवातीचा एक उपाय अगदीच आडदांड होता: सप्टेंबर 2011 मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएस अशी मर्यादा घातली. नोव्हेंबरात ती 200 झाली आणि 2012 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने खासगी मेसेजपुरती ती रद्द केली. मेसेज मोजणं बंद करून मजकूर तपासायचा, ही अक्कल 2018 च्या नियमांत आली.

आता मेसेज पाठवणाऱ्या कंपनीला आधी स्वतःची, मग पाठवणाऱ्याच्या नावाची आणि शेवटी मजकुराच्या साच्याचीही नोंदणी करावी लागते. बँकेच्या एखाद्या मेसेजचं नाव नीट बघा. सुरुवातीला ‘एडी’ असेल तर ए म्हणजे एअरटेल, डी म्हणजे दिल्ली. मेसेज कुठून निघाला ते कळतं. 2025 पासून शेवटीही एक अक्षर असतं. पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. साचा असतो असा: ‘आपला ओटीपी ____ आहे. तो कुणालाही सांगू नका.’ रिकाम्या जागेत आकडे बदलतात, बाकी मजकूर नोंदवलेल्या साच्याशी जुळायला हवा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘कुणालाही’ऐवजी ‘कोणालाही’ लिहिलं, तर मेसेज अडकू शकतो.

हे किती कडक असू शकतं ते 8 मार्च 2021 ला देशाने पाहिलं. टेलिकॉम कंपन्यांनी ही तपासणी चालू केली आणि बँकांचे, पेमेंटचे ओटीपी येईनासे झाले, कारण अनेक कंपन्यांनी साचे नोंदवलेच नव्हते किंवा चुकीचे नोंदवले होते. ट्रायला तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. चूक कंपन्यांची, पण खोळंबले सगळेच.

फोनला मात्र साचा नाही. कुणाचं बोलणं ऐकून तपासता येत नाही, आणि येऊही नये. नेटवर्कच्या हाती उरतो तो बाहेरचा आकार: कुणी, कुणाला, किती वाजता, किती सेकंद. लोनवाल्याचा आकार ठसठशीत असतो. दिवसभर अनोळखी नंबर, बहुतेक कॉल काही सेकंदांत कट, आणि त्याला उलट फोन जवळजवळ कुणीच करत नाही. एअरटेलने सप्टेंबर 2024 मध्ये स्पॅमची शक्यता असल्याचा इशारा स्क्रीनवर दाखवायला सुरुवात केली, ती असल्याच खुणांवरून.

पण पार्सल घेऊन येणारा पोऱ्याही दिवसभर अनोळखी नंबरच फिरवतो आणि ‘दादा, गेटवर आलोय’ एवढंच बोलून ठेवतो! फरक बारीक आहे. त्याला लोक उलट फोन करतात, तो दिवसभर टॉवर बदलत फिरतो, आणि त्याच्या सिमवर संध्याकाळी आईशी वीस मिनिटं बोलणंही असतं. एकेक खूण सुटी घेतली तर फसवते. म्हणून अनेक खुणा एकत्र तोलून मशीन शक्यता काढतं, निकाल देत नाही. इशारा ‘शक्यता’ या शब्दात येतो तो त्यामुळेच.

या मोजणीत आपल्या तक्रारीला वजन आहे, आणि आपण ती करत नाही. नंबर ब्लॉक केला की तो आपल्यापुरता गप्प होतो, शेजाऱ्याला वाजतच राहतो. तक्रार 1909 वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर करता येते. फोन आल्यापासून 7 दिवसांच्या आत करायची, नंबर आणि तारीख देऊन. नोंदणी न केलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करायला 2025 च्या दुरुस्तीनंतर डीएनडी लावलेलं असण्याचीही अट नाही. पूर्वी एका नंबरविरुद्ध 7 दिवसांत 10 तक्रारी लागत. आता 10 दिवसांत 5 पुरतात. पहिल्यांदा सापडला तर आउटगोइंग 15 दिवस बंद, पुन्हा सापडला तर त्याची सगळ्या कंपन्यांकडची सगळी कनेक्शन वर्षभरासाठी तोडली जातात.