शेजाऱ्यावर लावलेलं आयातशुल्क

दोन देशांच्या अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या आणि त्यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितका त्यांचा आपसातला व्यापार जास्त. डच अर्थशास्त्रज्ञ यान टिनबर्गेन यांनी 1962 साली हे सूत्र गुरुत्वाकर्षणाच्या नियमाच्या धर्तीवर मांडलं आणि ते आजही चांगलंच टिकून आहे. त्यामुळे दूरच्या देशावर लावलेलं शुल्क आणि शेजाऱ्यावर लावलेलं शुल्क यांचे परिणाम सारखे नसतात.

शेजारी देश एकमेकांना फक्त तयार माल विकत नाहीत, बऱ्याचदा तो मिळून बनवतात. अमेरिकेतलं डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामध्ये फक्त एक नदी आहे. मोटारीचे काही सुटे भाग गाडी पूर्ण होईपर्यंत ही सीमा अनेकदा ओलांडतात. आता हिशेब पाहा. समजा, 100 डॉलरचा भाग पलीकडे गेला, तिथल्या कारखान्याने त्यावर 10 डॉलरचं काम केलं आणि तो 110 डॉलरचा होऊन परत आला. 10 टक्के शुल्क म्हणजे 11 डॉलर. शुल्क सहसा पूर्ण किमतीवर लागतं, त्यामुळे कारखान्याची सगळी कमाई देऊनही ते भागत नाही. कागदावर किरकोळ दिसणारा दर प्रत्यक्षात जबर असतो, तो असा. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच.

हे शुल्क भरतो आयातदार, म्हणजे शुल्क लावणाऱ्या देशातलाच व्यापारी किंवा कारखानदार. 2018 मध्ये अमेरिकेने कॅनडा आणि मेक्सिकोच्या पोलादावर 25 टक्के शुल्क लावलं. अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांना आडोसा मिळाला हे खरं, पण पोलाद वापरणाऱ्या उद्योगांत कितीतरी अधिक लोक काम करतात आणि त्यांचा कच्चा माल महागला. दोन्ही शेजाऱ्यांनी प्रत्युत्तरादाखल शुल्क लावलं तेव्हा पोलादाशी काही संबंध नसलेले शेतकरीही भरडले गेले. 2019 च्या मे महिन्यात हे शुल्क मागे घेतलं गेलं.

मला सर्वांत घातक वाटते ती अनिश्चितता. 4 मार्च 2025 रोजी अमेरिकेने या दोन शेजाऱ्यांच्या बहुतेक मालावर 25 टक्के शुल्क लागू केलं आणि दोनच दिवसांत त्यांच्याशी झालेल्या व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट जाहीर केली. कारखाना कुठे उभारायचा हा निर्णय मात्र वीस-तीस वर्षांचा असतो. अशा वेळी उद्योजक पैसा ना अलीकडे गुंतवतात, ना पलीकडे.