बाबासाहेबांचे गुरू कोण आणि पाठीराखे कोण?

१४ एप्रिल जवळ आला की फॉरवर्ड सुरू होतात, आणि त्यात बुद्ध, कबीर, फुले, सयाजीराव, शाहू महाराज, केळुसकर गुरुजी, अमेरिकेतले प्रोफेसर जॉन ड्युई, सगळ्यांना एका ओळीत बाबासाहेबांचे गुरू करून टाकलेलं असतं. भावना ठीक आहे हो, पण गुरू वेगळे आणि पाठीराखे वेगळे. आणि गुरू कोण ते बाबासाहेबांनी २८ ऑक्टोबर १९५४ ला मुंबईतल्या भाषणात स्वतःच सांगून टाकलंय: बुद्ध, कबीर आणि फुले. तीनच.

यातल्या एकाशीही त्यांची भेट शक्यच नव्हती. जोतीराव गेले २८ नोव्हेंबर १८९० ला, बाबासाहेब जन्मले १४ एप्रिल १८९१ ला, म्हणजे जेमतेम साडेचार महिन्यांनी चुकामूक. कबीर घरातूनच आले, वडील रामजी सुभेदार कबीरपंथी होते ना. म्हणजे गुरूनं समोर बसून शिकवलंच पाहिजे असं काही नाही, काय बरोबर आणि कुठल्या दिशेला चालायचं हे त्याच्याकडून आलं की झालं.

पाठीराख्याचं काम वेगळं. तो रस्ता मोकळा करतो. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठासाठी स्कॉलरशिप दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, पण सोबत करार होता की परत आल्यावर बडोद्यात दहा वर्षं नोकरी करायची. १९१७ ला बाबासाहेब गेलेही, तर शिपाई लांबूनच फायली टेबलावर फेकायचे आणि राहायला कुणी जागा देईना, शेवटी नाव लपवून एका पारशी खानावळीत राहिले तर तिथंही लोक काठ्या घेऊन आले. नोकरी सोडावी लागली. महाराजांच्या मनात खोट नव्हती, पण दरबार म्हणजे अख्खं शहर नव्हे. शाहू महाराजांनी १९२० ला बाबासाहेबांच्या 'मूकनायक' या पाक्षिकाला पैसे दिले आणि अस्पृश्यांच्या माणगाव परिषदेत जाहीर सांगितलं की हाच तुमचा पुढारी. केवढी मोठी गोष्ट! तरी गुरूंच्या यादीत ते नाहीत, आणि त्यानं त्यांचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही.

घोळ होतो तो मधल्या माणसांचा. केळुसकर गुरुजींनी १९०७ ला मॅट्रिक पास झाल्याच्या सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र हातात दिलं, आणि पुढं सयाजीरावांकडे शब्दही त्यांनीच टाकला. आता हे कुठल्या खात्यात? मी पाठीराख्यांत धरतो, रागावू नका, कारण गुरू झाला तो पुस्तकातला बुद्ध, पुस्तक देणारा नाही. ड्युईंचं जरा अवघड आहे. कोलंबियातले प्रोफेसर, १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या छापील भाषणात बाबासाहेब त्यांना आपले शिक्षक म्हणतात, त्यांचं ऋण मानतात, तरी तिघांत घेत नाहीत. माझा अंदाज असा की विचार कसा करायचा हे ड्युईंकडून आलं, कुणासाठी करायचा हे आधीच ठरलेलं होतं.

आणि गुरू म्हणजे डोळे मिटून मान्य, असंही नाही बरं का. म्हातारा, आजारी माणूस आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला ही कथा बाबासाहेबांनी मानलीच नाही, एकोणतीस वर्षांच्या माणसानं हे आधी कधी पाहिलंच नसेल का असा त्यांचा साधा सवाल, आणि त्या जागी घर सोडण्याचं कारण म्हणून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून सिद्धार्थाचे शाक्य आणि शेजारचे कोलिय यांच्यात झालेलं भांडण मांडलं.