प्रेरित मत्स्यप्रजनन

बंदिस्त पाण्यात वाढवलेल्या माशांना संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन विणीला लावण्याची पद्धत. रोहू, कटला, मृगळ हे कार्प मासे तळ्यात झपाट्याने वाढतात, माद्यांच्या पोटात अंडीही भरतात. पण साचलेल्या पाण्यात ती बाहेर पडत नाहीत. नदीला पावसाळी पूर आला की वाहत्या गढूळ पाण्याची खबर माशाच्या मेंदूला लागते, त्याखालची पीयूष ग्रंथी संप्रेरक सोडते आणि मासे अंडी घालतात. तळ्यात ही खबर पोचत नाही, इंजेक्शन ती पोचवते. त्याने अंडी तयार होत नाहीत, तयार असलेली मोकळी होतात. हा फरक ज्याला कळला नाही, त्याचे औषधही वाया जाते आणि मादीही.

भारतीय कार्प माशांवर हा प्रयोग डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे यशस्वी केला. तोवर बीज, म्हणजे माशांची अंडी-पिले, नदीतून गाळून आणावे लागे आणि त्यात नको त्या जातींची पिलेही येत. सुरुवातीला माशांच्या डोक्यांतून काढलेल्या ग्रंथी अल्कोहोलमध्ये ठेवून त्यांचा अर्क टोचत. मादीला सहा तासांच्या अंतराने दोनदा. आज तयार औषध मिळते. त्यात ग्रंथीला चालना देणारे कृत्रिम संप्रेरक असते आणि सोबत डोम्पेरिडोन, माणसांना उलटीवर देतात तेच. माशाच्या शरीरातले डोपामिन ग्रंथीला आवरून धरते. डोम्पेरिडोन तो लगाम सोडवते. म्हणून बहुधा एकच टोचणी पुरते.

खरे कसब जोडी निवडण्यात आहे. मादीचे पोट फुगीर आणि हाताला मऊ लागले पाहिजे. नराच्या छातीजवळच्या परावरून बोट फिरवले तर बारीक पॉलिशपेपरसारखे खरखरते आणि पोट हलके दाबताच दुधासारखे वीर्य येते. संध्याकाळी मासा ओल्या कापडात धरून शेपटीजवळ, खवल्याखाली सुई तिरकी घालतात. एका मादीमागे साधारण दोन नर हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी किंवा जाळीच्या पेटीत, सोडतात; पहाटेपर्यंत हापा अंड्यांनी भरतो. अनेक जाती एकाच टाकीत सोडण्याचा सोपा मार्ग मात्र घातक आहे, कारण त्यातून संकरित बीज निपजते.

उजनी धरणातल्या चिलापीला (तिलापिया) यातले काही लागत नाही, ती आपोआप वाढते. पुणे जिल्ह्यात जपण्याजोगा मासा आहे दख्खनी महाशीर. ब्रिटिश अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन चालले. तिथे पक्व मादीचे पोट दाबून अंडी काढतात आणि त्यांवर नराचे वीर्य मिसळतात. रोहूची पिले पंधरा-वीस तासांत निघतात. महाशीरला सुमारे तीन दिवस लागतात. तोवर मेलेली अंडी वेचून काढावी लागतात, नाहीतर बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर चढते.