कृत्रिम भाषांतील ध्वनिक्रमाचे नियम

'गिमटोळ' असा शब्द मराठीत नाही. पण हे एखाद्या किड्याचे नाव आहे असे कोणी सांगितले, तर मराठी माणूस सहज विश्वास ठेवील. त्याच ध्वनींची उलटापालट करून 'ळगिमटो' म्हटले की मात्र कान लगेच अडतो, कारण मराठीत शब्द 'ळ'ने सुरू होत नाही. कोणता ध्वनी शब्दात कुठे यावा, कोणाशेजारी कोण चालेल आणि कोण चालणार नाही, याचे असे नियम प्रत्येक भाषेत असतात. नैसर्गिक भाषेत ते पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातून घडतात. एखाद्याने मुद्दाम रचलेल्या, म्हणजे कृत्रिम भाषेत ते रचणाऱ्याला ठरवावे लागतात. अशा भाषेचा स्वभाव तिच्या ध्वनींच्या यादीत जितका दिसतो, त्याहून जास्त तिने काय वर्ज्य मानले यात दिसतो.

या नियमांचे एकक म्हणजे शब्दावयव, उच्चाराच्या एका झटक्यात येणारा तुकडा. देवनागरी वाचणाऱ्याची इथे हमखास गफलत होते. 'पुस्तक' लिहिताना पु-स्त-क अशी तीन अक्षरे पडतात. बोलताना मात्र पुस्-तक असे दोनच अवयव असतात. अवयवाच्या पोटात एक स्वर असतो आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे व्यंजने असू शकतात. व्यंजन आणि मग स्वर हा साचा सर्व ज्ञात साच्यांत सर्वाधिक आढळतो. पुढे किती व्यंजनांची भर घालायची, इथून भाषा रचणाऱ्याची निवड सुरू होते.

किती कमी साहित्यात भागते ते टोकी पोना या भाषेत पाहावे. सोन्या लँग यांनी ती 2001 मध्ये मांडली. प, त, क, स, म, न, ल, य, व ही 9 व्यंजने आणि 5 स्वर, एवढाच तिचा पसारा. अवयवाच्या शेवटी फक्त 'न्' चालतो आणि स्वराने सुरू होणारा अवयव फक्त शब्दाच्या आरंभी येतो. यि, ति, वु, वो हे चार जोड वर्ज्य आहेत. 'यि' आणि 'इ', 'वु' आणि 'उ' यांतला फरक कानाला पुसट वाटतो, तर 'ति'चा 'चि'कडे कल अनेक भाषांत दिसतो. त्यामुळे ही मनाई विचारपूर्वक केलेली वाटते. हिशेब केला तर एकूण 92 अवयव शक्य होतात. बाहेरचे नाव या चाळणीतून कसे जाते ते 'भारत'वरून कळते. 'भ' नाही म्हणून 'प', 'र' नाही म्हणून 'ल', आणि शेवटी 'त्' चालत नाही म्हणून त्याला स्वराचा आधार. त्या भाषेत भारत 'पालाता' होतो.

लोझबानमध्ये हेच नियम वेगळ्या कामाला लावले आहेत. 1987 पासून आकाराला आलेल्या या तर्काधिष्ठित भाषेची अट अशी, की सलग बोललेल्या ध्वनिप्रवाहातून शब्दांच्या सीमा निःसंदिग्धपणे कळाव्यात. म्हणून तिचे मूळ शब्द पाच ध्वनींचे असतात, स्वरात संपतात आणि प्रत्येकात एक व्यंजनजोड असतोच: 'क्लामा', 'प्रेनु', 'ताव्ला'. 'मि ताव्ला दो' (मी तुझ्याशी बोलतो) हे वाक्य एका दमात 'मिताव्लादो' म्हटले तरी 'व्ल' या जोडावरून मूळ शब्द इथे आहे हे कळते, आणि 'ता'वरचा आघात (उच्चारातला जोर) सांगतो की पुढच्या अवयवाला शब्द संपला. जोड नसलेले 'मि' आणि 'दो' आपोआप सुटे पडतात. नावे व्यंजनात संपतात, म्हणून तीही वेगळी ओळखू येतात. माझ्या मते ध्वनिनियमांचा इतका काटेकोर उपयोग कृत्रिम भाषांत क्वचितच झाला असेल.

कथेसाठी रचलेल्या भाषांत हेतू बदलतो. तिथे बोलणाऱ्या समाजाचे रूप ध्वनीतून उभे करायचे असते. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांच्या क्वेन्या भाषेत फिनिशची गोडी आहे. तिच्यात शब्दाच्या आरंभी व्यंजनजोड सहसा येत नाहीत, शब्द स्वरात किंवा न्, र्, ल्, स्, त् यांसारख्या मोजक्या व्यंजनांत संपतो, आणि 'द' एकटा येत नाही. तो न्द, ल्द, र्द अशा जोडीतच सापडतो. ती वाचताना शब्द वाहत जातात याचे कारण हेच.

मार्क ओक्रँड यांनी 1980च्या दशकात 'स्टार ट्रेक' चित्रपटांतील परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा रचताना उलटा मार्ग धरला. नैसर्गिक भाषांत ध्वनी सहसा जोडीने येतात. आपल्या वर्णमालेतील ट-ड, त-द हे वर्ग त्याचा सुंदर नमुना आहेत. क्लिंगॉनमध्ये 'ड' मूर्धन्य (जीभ टाळूकडे वळवून उच्चारलेला) आहे, पण त्याचा अघोष, म्हणजे कंठातल्या कंपनाशिवायचा, जोडीदार दंतमूलीय (वरच्या दातांमागच्या हिरडीवर उच्चारलेला) आहे. ही मोडलेली समरूपता हेतुपूर्वक ठेवलेली आहे, म्हणूनच ती परकी वाटते. पॉल फ्रॉमर यांनी 'अवतार' (2009) या चित्रपटासाठी रचलेल्या 'नावी' भाषेत अवयवाच्या आरंभीच्या जोडाचा पहिला घटक फ, स किंवा त्स एवढाच असू शकतो, पण त्यापुढे 13 व्यंजने चालतात, म्हणजे 39 जोड. शिवाय तिथे 'र्र' आणि 'ल्ल' स्वरासारखे वागतात. ऋ आणि ऌ परिचित असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही.

आंतरराष्ट्रीय संवादासाठीच्या भाषांत मुद्दा येतो उच्चारसुलभतेचा, आणि इथेच वाद सर्वांत जास्त होतात. 1887 मधील एस्पेरांतोत आघात नेहमी उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अवयवावर पडतो, हा नियम शिकायला मिनिटही लागत नाही. पण 'जाणणे' यासाठीचे तिचे क्रियापद 'स्त्सी-इ' असे सुरू होते, आणि हा आरंभीचा जोड अनेकांना जड जातो. 1907 मध्ये तिच्यातूनच निघालेल्या इदोने त्याजागी 'सावार' घेतले.

त्याआधी 1879 मध्ये योहान मार्टिन श्लायर यांनी वोलाप्यूक रचताना 'र' शक्यतो टाळला, कारण चिनी भाषकांना तो अवघड जाईल असे त्यांना वाटले. इंग्रजी 'वर्ल्ड'चा 'वोल' आणि 'स्पीक'चा 'प्यूक' झाला तो असा. सुलभतेचा हेतू खरा होता, पण मूळ शब्दांची ओळखच हरवली. शिवाय ö, ü असे, ओठ गोल करून पण जीभ पुढे ठेवून म्हणायचे जर्मन धाटणीचे स्वर ठेवून त्यांनी दुसऱ्या लोकांना अडचणीत टाकले ते वेगळेच. 1931 मध्ये आरी द योंग यांनी केलेल्या सुधारणेत 'र' परत आला.